आकडीवरचं औषध शंभर वर्षांपूर्वी आलं, लाज अजून जायची आहे

पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा. घरात लहान मूल असेल तर नक्कीच वाचा.

१९९९ सालापर्यंत आपल्या देशात फेफरं येणाऱ्या माणसाचं लग्न कायद्यानेच अडचणीत येत होतं. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नासाठी कोण पात्र नाही हे सांगणाऱ्या कलमात वेडाचे 'किंवा अपस्माराचे' वारंवार झटके येणारी व्यक्ती, अशा अर्थाचे शब्द आले. विशेष विवाह कायद्यातही तेच. वेड आणि अपस्मार एकाच ओळीत, मध्ये फक्त एक 'किंवा'. झालेलं लग्नसुद्धा या मुद्द्यावर कोर्टातून रद्द करून घेता येत होतं.

इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आणि बंगळूरचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी यांच्यासारखे लोक याच्या मागे लागले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी १९९९ मध्ये संसदेने ते शब्द काढून टाकले. शब्द दोन, काढायला वर्षं लागली तेवीस. आपणच मागे होतो असंही नाही. इंग्लंडमध्येही अपस्माराच्या कारणावरून लग्न रद्द करता येण्याची तरतूद १९७१ मध्येच हटली.

आज हे लिहायचं कारण असं. आमच्या नात्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात अपस्माराचं निदान झालं. आईवडिलांची परवानगी घेऊन लिहितोय. नाव-गाव सांगणार नाही, कुणी विचारूही नये.

पहिली आकडी पहाटे झोपेत आली. ताप नाही, पडझड नाही. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली, संध्याकाळी उतारा टाकून झाला. बाराव्या दिवशी पुन्हा तेच. मग शहरात मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, ईईजी झाला, एमआरआय झाला आणि दिवसातून दोनदा घ्यायचं औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, किमान दोन वर्षं झटका आला नाही तर औषध बंद करायचा विचार करू. तोवर एकही डोस चुकवायचा नाही.

घरी आल्यावर आजीचं पहिलं वाक्य : "कुणाला बोलू नका. पोरीची जात आहे, उद्या लग्नाला अडचण येईल."

चार वर्षांची पोर! ऐकणाऱ्याला राग येईल. पण आजीला अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तिचं स्वतःचं लग्न १९८० च्या आसपासचं. तेव्हा देशाचा कायदाच तिच्यासारखं बोलत होता. कायद्याने शब्द मागे घेतला, पण ते आजीपर्यंत येऊन कुणी सांगितलं नाही. हे काम आम्हा पेपरवाल्यांचं, म्हणून ही पोस्ट.

मुलीची आई मात्र दुसरंच विचारत होती. "पोटात असताना मी ग्रहण पाळलं नाही, त्याचं तर नाही ना हे?" रात्री ती झोपत नाही, पोरीचा श्वास मोजत बसते. वडील कामावरून दर तासाला फोन करतात. निदान मुलीचं झालंय, पण आजारी सगळं घर आहे.

तिच्या प्रश्नाला उत्तर इतिहासात आहे. माणसाने या आजाराचा दोष कायम कुणावर तरी टाकला आहे. देवाचा कोप, भुताची बाधा, चंद्राची कला, आईचं पाप. पण तितक्याच जुन्या काळी दुसरं बोलणारेही होते. ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या नावावरच्या एका ग्रंथाने सांगितलं की हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी वगैरे काही नाही, याचं मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत, त्यात दोषांप्रमाणे चार प्रकार आणि त्यांचे उपचार दिले आहेत. म्हणजे दवापाण्याचा आजार ही ओळख आपल्याच परंपरेत आहे. नटराजाच्या मूर्तीत पायाखाली जो बुटका दिसतो, त्याचं नावही अपस्मारच. तो अज्ञानाचं प्रतीक मानला जातो. चिरडायचं ते अज्ञान आहे, आजारी माणूस नाही.

पुढे १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाऊप्टमन या तरुण डॉक्टरने रुग्णांना झोपेसाठी फेनोबार्बिटोन दिलं, तर झटकेच कमी झाले. १९२४ मध्ये जर्मनीतच हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली वीज कागदावर नोंदवली. तोच ईईजी, जो आपल्या पोरीच्या डोक्याला चिकट पेस्ट लावून काढला. त्यात दिसतं ते एवढंच : मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक संदेशांनी बोलतात, आणि कधीकधी खूप पेशी एकदम बोलायला लागतात. त्या गोंधळाचं नाव झटका. त्यात ग्रहण कुठेही नाही. मी आईला हे सांगितलं. ती लगेच झोपली असं नाही, पण तो प्रश्न तिने परत विचारला नाही.

"हे सगळं मोठ्या शहरातल्या लोकांसाठी," असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या यळंदूरचं उदाहरण. डॉ. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन रुग्ण शोधले, फेनोबार्बिटोन किंवा फेनिटॉइन ही जुनी, स्वस्त औषधं दिली आणि काही वर्षं पाठपुरावा केला. खेड्यातही या औषधांनी झटके आटोक्यात येतात, हे त्यांनी २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध नियमित घेतलं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. सगळ्यांचे थांबतात असं नाही, हेही खरंच. कुणाला औषध बदलावं लागतं, कुणाला दोन लागतात, काहींना शस्त्रक्रिया लागते.

आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं हा त्यात गुन्हा आहे. आणि पुण्यात यशोदा वाकणकर यांनी अपस्मार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी 'संवेदना' हा गट उभा केला. तिथे लग्न जुळवण्यासाठीही मदत केली जाते. आजीला मी हे मुद्दाम सांगितलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा "खरंच का?" म्हणून विचारून गेली.

आता प्रश्न उरतो, सांगायचं की लपवायचं? गावभर दवंडी पिटायची गरज नाही. पण मूल ज्यांच्या ताब्यात असतं त्यांना माहीत हवंच. बालवाडीच्या बाई, रिक्षावाले काका, शेजारची काकू. त्यांच्यापासून लपवलं तर लाज वाचेल, पण नेमक्या वेळी पोरीला काय करायचं हे तिथे कुणालाच कळणार नाही.

काय करायचं ते साधं आहे. घाबरू नका, घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा-चप्पल नको. जमलं तर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर थेट दवाखाना, नाहीतर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो सांगितल्याप्रमाणे वापरा. आणि बरं वाटतंय म्हणून औषध आपल्या मनाने कधीच बंद करू नका.

सोमवारी मुलीची आई बालवाडीच्या बाईंना भेटून हे सगळं एका कागदावर लिहून देऊन आली. बाईंनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तुमच्या मुलांच्या शाळेतही असा कागद असावा असं वाटत असेल, तर वरचा परिच्छेद उतरवून घ्या आणि ही पोस्ट पुढे पाठवा.