जपानी अक्षरांची शिकवणी

गोव्याच्या संत पॉल कॉलेजात १५४८ साली अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ शिकत होता. त्याच वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. जपानी लोक वरून खाली का लिहितात, असे संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्यास विचारले. माणसाचे मस्तक वर आणि पाय खाली, मग लिखाणही तसेच का नसावे, असे त्याचे उत्तर. झेवियर यांनी ते आपल्या पत्रात आवर्जून कळविले आहे. जपानचे धर्मग्रंथ लॅटिनसारख्या विद्वानांच्या भाषेत असून अंजिरोस ते वाचता येत नाहीत, हेही त्यांनी लिहून ठेवले.

या उणिवेची किंमत पुढे मोजावी लागली. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर कागोशिमास उतरले. अंजिरोने केलेले धर्मशिक्षणाचे भाषांतर रोमन अक्षरांत उतरवून ते लोकांस वाचून दाखविले जाई. त्यात परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द योजिला होता. हे एका बौद्ध पंथाच्या आराध्य बुद्धाचे नाव आहे, हे उमगताच १५५१ साली तो शब्द टाकून ‘देउस’ हा शब्द स्वीकारण्यात आला. ज्यांचे ग्रंथ आपण वाचू शकत नाही, त्यांच्याशी देवाविषयी बोलताना पाय कोठे घसरेल ते सांगता येत नाही.

मग ही अक्षरे शिकावीत कशी? जपानीत उच्चाराची ‘काना’ अक्षरे थोडी. परंतु चीनमधून आलेली चिन्हे हजारो, आणि बहुतेक चिन्हांचे उच्चार दोन. डोंगराचे चिन्ह कधी ‘सान’ वाचतात, कधी ‘यामा’. एकच खूण आपण कधी ‘पर्वत’ तर कधी ‘डोंगर’ अशी वाचावी, तसा हा प्रकार.

पहिली वाट कानाची. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेले, लोकांत राहून भाषा शिकले आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू व दुभाषी म्हणून तेथे परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रूसावर प्राण दिले.

दुसरी वाट डोळ्याची. फादर वालिन्यानो यांनी १५९० साली युरोपातून छापखाना आणविला. ‘हेइके’ची प्रसिद्ध युद्धकथा बोलीभाषेत व रोमन लिपीत छापण्यात आली, ती नवशिक्या मिशनऱ्यांसाठी. पण तेवढ्यावर न थांबता १५९८ साली ‘राकुयोशू’ हा चिन्हांचा कोश निघाला. त्याचे तीन भाग म्हणजे जणू एका घराचे तीन दरवाजे. चिनी वळणाचा उच्चार ठाऊक असेल तर पहिला, देशी शब्द ठाऊक असेल तर दुसरा, आणि नुसता आकारच दिसत असेल तर त्याच्या घटकांवरून शोधण्यासाठी तिसरा.

या दोन्ही वाटांची सांगड फादर जुआंव रोद्रिगीश यांनी घातली. ते स्वतः पोरवयात जपानला येऊन कानाने शिकलेले; तरीही मकाव येथे १६२० साली छापलेल्या आपल्या छोट्या व्याकरणात त्यांनी ग्रंथवाचनावर भर दिला. युरोपीय पुस्तकांची भाषांतरे वाचून जपानी शिकू नये. जपानी लेखकांचेच ग्रंथ, सोप्यापासून कठिणाकडे, गुरूजवळ बसून वाचावेत, असा त्यांचा आग्रह. आम्हांस हा सल्ला फार मोलाचा वाटतो. आपल्याच पुस्तकाचे भाषांतर वाचणारा परक्या शब्दांत पुन्हा स्वतःचेच विचार ऐकतो.

हे वाचताना आम्हांस आपल्याकडची एक गोष्ट सलते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहून इकडच्या लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा कळविली होती. मात्र सुमारे सहाशे ठसे पाडणे अशक्यप्राय वाटे, ही अडचणही त्याच पत्रात आहे. जपानात हजारो चिन्हांपुढे हात टेकले गेले नाहीत. येथे सहाशे ठसे जड झाले. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ निघाले ते रोमन अक्षरांत. शब्द मराठी, वेष परका.

आज आपली मुले देवनागरी अडखळत वाचतात, तेव्हा तो अपुरा हेतू आठवतो. स्टीफन्स यांना न मिळालेले ठसे आपल्या घराघरांत पुस्तकरूपाने आले आहेत. संध्याकाळच्या रोझरीनंतर शुभवर्तमानाचा एक उतारा मुलाकडून मराठीत वाचून घ्यावा, एवढे तरी आपणांस करता येईल.