टूडी इकोमध्ये जन्मजात दोष दिसतो का? मोठेपणी सापडणारा ‘अल्कापा’ काय आहे?

५ जानेवारी १९८८. अमेरिकेचा माजी बास्केटबॉलपटू पीट मॅराविच मित्रांसोबत खेळताना कोसळला आणि गेला. वय ४०. शवविच्छेदनात कळलं की त्याला हृदयाची डावी रक्तवाहिनी जन्मापासूनच नव्हती. तरीही तो दहा सीझन एनबीए खेळला होता!

याच कुटुंबातला आणखी एक दुर्मीळ दोष म्हणजे ‘अल्कापा’. साधारण तीन लाख बाळांमागे एकाला होणारा. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही कोरोनरी वाहिन्या महाधमनीतून निघायला हव्यात. अल्कापात डावी वाहिनी चुकून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. तिथे ऑक्सिजनही कमी आणि दाबही कमी. उपचार न झाल्यास बहुतेक बाळं पहिल्याच वर्षी दगावतात.

मग काही जण मोठे कसे होतात? उजवी वाहिनी डावीकडे जोडरस्ते तयार करते, म्हणून. पण हे रक्त पूर्णपणे स्नायूला मिळत नाही. डाव्या वाहिनीतून उलटं वाहत काही रक्त फुफ्फुसाच्या धमनीत निसटतं. पाण्याची लाइन गळावी, तसं.

मोठ्यांमध्ये हा दोष बऱ्याचदा दुसऱ्याच तपासणीत हाती लागतो. टूडी इकोत उजवी वाहिनी अवाजवी रुंद दिसते. कलर डॉपलरवर दोन कप्प्यांमधल्या पडद्यात रक्ताचे नको तितके प्रवाह चमकतात. फुफ्फुसाच्या धमनीत एक वेगळा झोत दिसतो. मायट्रल झडप गळते, तीही एक खूण. अडचण अशी की नेहमीच्या इकोत लक्ष पंपिंग आणि झडपांवर असतं; वाहिन्या कुठून निघतात हे मुद्दाम पाहावं लागतं. शिवाय मोठ्यांच्या छातीतून चित्र तितकं स्वच्छ येत नाही. त्यामुळे ‘इको नॉर्मल’ म्हणजे हा दोष नाहीच, असं नाही. संशय आला की सीटी कोरोनरी अँजिओग्राफीने खात्री करतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत इको करून देणारी केंद्रं भरपूर आहेत. तरुण वयात स्टेशनचा पूल चढताना छातीत दुखत असेल, धावताना चक्कर येत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडू नका. कार्डिओलॉजिस्टना थेट विचारा: “डॉक्टर, कोरोनरीची सुरुवात दिसली का?” घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही सांगा.

निदान झालं, तर त्रास कमी असला तरी सहसा ऑपरेशनच सुचवतात. डावी वाहिनी महाधमनीला जोडतात. ते जमत नसेल तर बायपास करतात.