कन्येचे नाव : माहेरचे आणि सासरचे

गतवर्षी आमच्या घरी नात जन्मास आली. तिच्या पित्यास माझ्या मातोश्रींचे ‘गोदावरी’ हे नाव हवे होते. मातेस एखादे नवे. बारसे उद्यावर आले तरी उभयतांचे एकमत होईना. तेव्हा सूनबाईंनी मला विचारले, “बाबा, गोदावरी हे आजींचे माहेरचे नाव की सासरचे?” सासरचे, हे मला ठाऊक होते, माहेरचे मात्र सांगता येईना.

पूर्वी कन्येचे नाव बहुधा माहेरापुरतेच असे. विवाहात वर तबकातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिही आणि जुने मागे पडे. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरच्या यमुनाच. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून गोदूबाई आनंदीबाई झाल्या. थोरांची चरित्रे लिहिली गेली म्हणून ही नावे उरली.

याहून क्लेशकारक नाव ‘नकोशी’. पुत्राची आशा असता कन्या झाली म्हणून ठेवलेले हे नाव सातारा जिल्ह्यातील दोनशेंहून अधिक मुलींनी २०११ साली समारंभपूर्वक टाकले.

कन्येच्या नावासाठी आईबापांनी वाद घालावा, ही म्हणूनच मला शुभ गोष्ट वाटते. नातीचे नाव अखेर सूनबाईंच्या मनाप्रमाणे ठेविले. ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, घरातील वृद्ध स्त्रियांची माहेरची नावे आजच विचारून वंशावळीत लिहून ठेवावीत. मला विलंब झाला.