चित्रपटगीतांच्या तबकड्या : छंद आणि जतन

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट झळकला. त्यात सात गाणी होती. मात्र त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत आणि पुढे चित्रपटाची प्रतही उरली नाही. हिंदी चित्रपटसंगीताचा तो पहिला सूर आज कोणालाही ऐकता येत नाही. संग्राहकाच्या छंदाचे मोल या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी प्रामुख्याने लाखेची असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. गाणे त्याहून दीर्घ असल्यास ते दोन बाजूंवर विभागले जाई किंवा एखादे कडवे गाळले जाई. साहजिकच पडद्यावरील गीत आणि तबकडीवरील गीत तंतोतंत सारखे असेलच असे नाही. म्हणून जाणकार रसिक दोन्ही रूपे मिळवून ताडून पाहतात.

तबकडीवरील कागदी चकतीही बोलकी असते. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून आरंभी लता मंगेशकर यांचे नव्हे, तर ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. पार्श्वगायकांना श्रेय देण्याची प्रथा तेव्हा रुळली नव्हती. पुढे दीर्घ कालावधीच्या ‘एलपी’ आल्या आणि एकाच तबकडीवर संपूर्ण चित्रपटाची गाणी सामावू लागली. ‘शोले’च्या (१९७५) तर संवादांची तबकडीही घरोघर वाजली.

नव्याने संग्रह करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. उन्हापासून आणि पावसाळी दमटपणापासून त्या जपाव्यात; ओलाव्याने वेष्टनांना बुरशी लागते. लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला ‘एलपी’ची बारीक सुई चालत नाही. विकत घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून चरे आणि तडे पाहावेत.

कोणती गाणी कोणत्या चित्रपटातील, हे पडताळण्यासाठी कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी संकलित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उपयुक्त आहे. प्रत्येक तबकडीचा क्रमांक, चित्रपट, वर्ष, गायक आणि संगीतकार यांची नोंदवही ठेवावी. नोंदीवाचून वारसांच्या लेखी तो संग्रह अडगळ ठरतो आणि वजनावर रद्दीत जातो.

आज हवे ते गाणे मोबाइलवर क्षणात ऐकता येते, हे खरे. परंतु तेथे पोहोचलेली कित्येक जुनी गाणी कोणा रसिकाने जपलेल्या तबकडीवरूनच उतरवून घेतलेली असतात. घरातील माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल, तर ती टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी.