१६० विरुद्ध ७० : एसएमएसच्या दरात दडलेला लिपीचा हिशेब

#थ्रेड

दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवून मोकळे होण्याची पद्धत काही वर्षांपूर्वी आपल्याकडे रूढ होती. तिचे कारण पंचांगात नव्हते, मोबाइल कंपन्यांच्या दरपत्रकात होते. सणाचे दिवस हे कंपन्यांचे ‘ब्लॅकआउट डे’. एरवी एसएमएस पॅक मारले की संदेश फुकट किंवा काही पैशांत जात. त्या दिवशी मात्र पॅक निष्प्रभ ठरे आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण दर लागे, साधारणतः एक रुपया.

या रुपयाचा मागोवा घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांना ‘मेरी ख्रिसमस’ हा पहिला एसएमएस पाठवला. संदेश जातो तो आवाजाच्या वाहिनीतून नव्हे, तर फोन आणि टॉवर एकमेकांशी बोलतात त्या संकेतवाहिनीतून. ती यंत्रणा कॉलसाठी उभारावीच लागते. तिच्यातली मोकळी जागा कंपन्यांनी विकायला काढली. एवढा नफ्याचा माल दूरसंचार क्षेत्रात क्वचितच सापडला असेल.

या जागेला मर्यादा होती १४० बाइटची. रोमन अक्षर ७ बिटांत मावते, म्हणून इंग्रजी संदेशाला १६० अक्षरे मिळाली. देवनागरीसाठी मात्र युनिकोडची १६ बिटांची पद्धत वापरावी लागते. १४० बाइटमध्ये अशी चिन्हे बसतात फक्त ७०.

मित्रहो, येथे जरा थांबून मोजून पाहा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. यंत्र काना आणि हलन्तही सुटे धरून दहा मोजते. ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ ही मधल्या जागांसह २८ चिन्हे होतात, म्हणजे ७० पैकी ४० टक्के जागा संपली, आणि अजून खाली नाव लिहायचे आहे! हेच रोमनमध्ये लिहिले तर साधारण ३० अक्षरे होतात, १६० च्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. रोमन मजकुरात एकच देवनागरी अक्षर आले तरी संपूर्ण संदेश ७० च्या मापात जाई. ७१ वे चिन्ह टंकले की संदेश दोन, आकार दोन.

मराठी माणूस ‘कसा आहेस’ रोमनमध्ये लिहू लागला, याचा दोष आपण भाषेविषयीच्या अनास्थेला देतो. कीपॅडची अडचण होतीच. पण दरही त्याच दिशेने ढकलत होता, हे आपल्या चर्चेत फारसे येत नाही.

पुढे किंमत हे नियंत्रणाचेही साधन झाले. नको असलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी ट्रायने सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी संदेशांपुरती ती रद्द ठरवली. पुढच्याच महिन्यात अफवांमुळे ईशान्य भारतातील लोक बेंगळुरू, पुणे अशा शहरांतून रेल्वेने घराकडे निघाले, तेव्हा केंद्र सरकारने काही दिवसांसाठी मर्यादा थेट पाचवर आणली. नोव्हेंबरात ट्रायने नवा मार्ग काढला: दिवसाच्या १०० एसएमएसनंतर प्रत्येकी किमान ५० पैसे. बंदी टिकली नाही, म्हणून दराने बंदीचे काम करायचे!

त्याच ट्रायने २०१३ मध्ये, दुसऱ्या कंपनीचा एसएमएस आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा मोबदला ठरवला. तो होता २ पैसे. ब्लॅकआउट डेचा रुपया त्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

तोवर व्हॉट्सअ‍ॅप आले होते. तेथे काना-मात्रेचे पैसे पडत नव्हते. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस सर्रास मिळू लागले, आणि ५० पैशांचा तो नियम ट्रायने २०२० मध्ये काढून टाकला. तोपर्यंत दिवसाला शंभर एसएमएस पाठवणारे उरले होते किती?

७० ची मर्यादा मात्र गेली नाही. एखाद्या संस्थेने आज हजारो लोकांना देवनागरीत एसएमएस पाठवायचे ठरवले, तर ७१ व्या चिन्हाला दुसऱ्या संदेशाचे बिल लागते.