१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता
१४. पैठणच्या सेवा केंद्रात लेखकाला पडद्यावर दिसलेला हा आकडा म्हणजे संगणकाने स्वतःच घेतलेला तात्पुरता पत्ता. राउटरची डीएचसीपी सेवा पत्ता देत नसली की विंडोज ९८ पासूनच्या विंडोज प्रणाली असे करतात. त्यावर इंटरनेट चालत नाही. सातबाऱ्यासाठी गावोगावहून आलेली माणसे तोवर रांगेत ताटकळतात, म्हणून उपाय इथेच देतो. सगळ्याच संगणकांवर हा आकडा असेल तर राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. एकावरच असेल तर आधी त्याची केबल पाहावी, मग ‘आयपीकॉन्फिग’च्या रिलीज व रिन्यू या आज्ञा द्याव्यात. घाईने १९२.१६८ मालिकेतला पत्ता हाताने भरू नये. तोच दुसऱ्या यंत्राकडे असला तर दोन्ही अडतात. — संपा.