लपवलेली डबी आणि नाताळातील आशा

अक्षांश-रेखांशांच्या आधारे लपवलेली डबी शोधण्याचा छंद म्हणजे जिओकॅशिंग. त्याचे मूळ उपग्रहांच्या कितीतरी आधीचे आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या माळरानावर चॅगफर्डच्या जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी दगड रचून त्यात एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करणारे प्रवासी आपले भेटपत्र बाटलीत टाकून परतत. पुढे बाटली जाऊन डबी आली, तिच्यात नोंदवही आणि रबरी शिक्का आला.

आधुनिक छंदाची सुरुवात अमेरिकेत झाली. नागरी वापराच्या जीपीएस या उपग्रह-संकेतात तिथले सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शके. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर याने ऑरेगनमधील बीव्हरक्रीकजवळच्या रानात काळी बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर दिले. बादलीत पुस्तक, संगणकाचे सॉफ्टवेअर, गलोलीची मूठ, बीन्सचा डबा, थोडे पैसे आणि नोंदवही होती. सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत लिहावे, एवढाच नियम होता. माइक टीग याने काही दिवसांतच ती शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश याने या छंदासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरात जेमतेम ७५ डब्या होत्या.

डब्या वाढल्या तसे नियमही आले. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे, डबीत खाद्यपदार्थ नकोत, जागामालकाच्या परवानगीशिवाय डबीसाठी जमीन खणू नये. म्हणजे उल्मरची बादली आजच्या नियमांत बसली नसती. धर्म, राजकारण किंवा व्यापार यांचा प्रचार करणारी डबीही स्वीकारली जात नाही. नवी डबी जाहीर होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक तिचे वर्णन तपासतात.

तरीही चर्च आणि जिओकॅशिंग यांचे नाते जुळले. ब्रिटनमध्ये गावोगावच्या चर्चजवळ ‘चर्च मायक्रो’ मालिकेतील छोट्या डब्या आहेत. त्यांतील अनेकींपर्यंत पोहोचण्यासाठी शोधणाऱ्याला आधी चर्चच्या आवारात जावे लागते. सूचनाफलक, कोनशिला किंवा जुनी थडगी यांवरचे आकडे टिपून त्यांतून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे. डबी बहुधा जवळच्याच पायवाटेवर, कुंपणाच्या खांबामागे किंवा झाडाच्या ढोलीत सापडते. इथे प्रवचन नसते, पण आकडे शोधताना गावाचा इतिहास आपोआप वाचला जातो.

नाताळानिमित्त लपवल्या जाणाऱ्या डब्यांमागे आगमनकाळाची परंपरा उभी असते. नाताळापूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती लोक प्रतीक्षेत घालवतात. हॅम्बर्गमध्ये निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था चालवणारे योहान हिनरिख विखेर्न यांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावून मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजायला शिकवले. त्या चाकातून आलेल्या आजच्या आगमन-कड्यावर चार रविवारांच्या चार मेणबत्त्या असतात. अनेक चर्चमध्ये त्यांतली पहिली आशेची मानतात. सणात घरातले माणूस नसल्याचे दुःख वाढते, म्हणून पाश्चात्त्य देशांतील अनेक चर्चमध्ये वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास, साधारण २१ डिसेंबरला, शोक करणाऱ्यांसाठी वेगळी उपासना होते. तिथे उसना उत्साह नसतो; मृतांच्या आठवणीत मेणबत्त्या लावल्या जातात.

आगमनकाळातली ही आशा डबीतून मांडायची तर प्रचारबंदीमुळे उपदेश करता येत नाही. जे सांगायचे ते चिन्ह, जागा आणि शोधाची रीत यांतूनच सांगावे लागते. चिन्ह म्हणून जहाजाचा नांगर सोयीचा आहे. ‘इब्री लोकांस पत्र’ या नव्या करारातील पुस्तकात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, आणि रोमच्या भूमिगत दफनस्थळांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी नांगराची आकृती कोरली आहे. जागा म्हणून चर्चकडे जाणारी पायवाट किंवा स्मृतीसाठी ठेवलेला बाक निवडता येतो. मात्र जागामालकाची परवानगी लागते. चार रविवारांचे चार टप्पे करून प्रत्येक ठिकाणी पुढच्या जागेचे आकडे दिले, तर शोधालाच प्रतीक्षेचा क्रम येतो. शेवटच्या डबीतली वही कोरडी राहावी म्हणून झाकण घट्ट लागते, कारण डिसेंबरात पाऊस, बर्फ आणि दव यांनी कागद लवकर खराब होतो. त्या वहीत नाव आणि तारीख पुरते. ज्याला गेलेल्या माणसाविषयी दोन ओळी लिहायच्या असतील, त्याला त्याच पानावर जागा असते.